ताशी मोबदला, कमिशन नाही : ब्रिटनमधील विद्यापीठात स्टुडंट अँबॅसडरचे काम

ब्रिटनमध्ये शिकायला गेलेल्या विद्यार्थ्याला अभ्यास सांभाळून करता येण्याजोग्या ज्या नोकऱ्या मिळतात, त्यांत विद्यापीठाच्याच स्टुडंट अँबॅसडरचे काम मला सर्वांत चांगले वाटले, आणि तरीही खर्चाचा आधार म्हणून त्यावर विसंबू नये असे माझे स्पष्ट मत झाले आहे. उत्तर इंग्लंडमधील एका विद्यापीठात २०२४-२५ या शैक्षणिक वर्षात जल अभियांत्रिकीचा एम.एस्सी. अभ्यासक्रम करत असताना मी हे काम केले. विद्यापीठाचे नाव मी देत नाही, कारण पुढे ज्या उणिवा सांगणार आहे त्या एका संस्थेपुरत्या नाहीत. इतर शहरांत हेच काम करणाऱ्या मराठी मित्रमैत्रिणींचे अनुभव बऱ्याच अंशी माझ्यासारखेच होते.

आपल्याकडे ‘कॅम्पस अँबॅसडर’ म्हटले की एखाद्या अ‍ॅपचे दुवे वर्गाच्या व्हॉट्सअ‍ॅप गटात टाकायचे, जितके जण नोंदणी करतील तितके गुण मिळवायचे आणि शेवटी एक प्रमाणपत्र घ्यायचे, असे चित्र डोळ्यांसमोर येते. ब्रिटनमधील विद्यापीठांतले काम मुळातच वेगळे आहे. तिथे अँबॅसडर हा विद्यापीठाच्या पगारपत्रकावरचा तात्पुरता कर्मचारी असतो. ओपन डेला, म्हणजे प्रवेशेच्छू विद्यार्थी व पालकांना विद्यापीठ पाहायला बोलावण्याच्या दिवशी, आलेल्या कुटुंबांना परिसर दाखवणे, प्रवेश मिळालेल्या विद्यार्थ्यांना फोन करणे, संकेतस्थळावरील चॅटमधून परदेशी अर्जदारांच्या प्रश्नांना उत्तरे देणे, शाळांमध्ये जाऊन उच्च शिक्षणाविषयी बोलणे, सप्टेंबरमध्ये नव्याने येणाऱ्यांना विमानतळावरून आणण्यासाठी बसजवळ उभे राहणे, अशी त्याची नाना रूपे आहेत. या सगळ्याचे पैसे तासावर मिळतात. आपण ज्याच्याशी बोललो त्याने प्रवेश घेतला किंवा घेतला नाही, तरी मोबदल्यात एका पेन्सचाही फरक पडत नाही.

हा शेवटचा मुद्दा मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. भारतातून ब्रिटनला जाणाऱ्या विद्यार्थ्यांपैकी पुष्कळ जण एजंटांमार्फत अर्ज करतात, आणि विद्यापीठे त्या एजंटांना प्रत्यक्ष झालेल्या प्रवेशामागे कमिशन देतात. विद्यार्थ्याकडून एजंट शुल्क घेत नाही म्हणून त्याचा सल्ला फुकट आहे असे अनेक पालक समजतात. पण त्याची मिळकत मूल कुठल्या विद्यापीठात जाते यावर अवलंबून असते. अँबॅसडरला विद्यापीठच पैसे देत असले, तरी त्याच्या मिळकतीची सांगड प्रवेशाशी घातलेली नसते. म्हणूनच ‘इथे राहणे परवडत नसेल तर येऊ नका’ असे तो सांगू शकतो. ते सांगायला त्याला मोकळीक आहे का, हीच मी या कामाची खरी कसोटी मानते, आणि पुढचे सारे परीक्षण त्याच कसोटीवर केले आहे.

निवड सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबरमध्ये होते. ऑनलाइन अर्ज, मग सात-आठ जणांची गटमुलाखत आणि त्यात आपल्या आवडीच्या विषयावर दोन मिनिटे बोलणे, एवढीच प्रक्रिया होती. माझ्या गटात एकाने सायकल दुरुस्तीवर सांगितले, मी सांगलीच्या हळदीच्या बाजाराविषयी बोलले. इंग्रजीच्या उच्चारांपेक्षा समोरच्याचे ऐकून घेण्याची तयारी पाहिली जाते, असे निवड करणाऱ्यांनी सांगितले होते आणि निवडलेल्यांची यादी पाहता ते खरे वाटले. कामावर घेण्यापूर्वी काम करण्याचा हक्क तपासला जातो; व्हिसा आता पूर्णपणे डिजिटल झाल्यामुळे सरकारी संकेतस्थळावरून ‘डब्ल्यू’ने सुरू होणारा शेअर कोड, म्हणजे हा हक्क ऑनलाइन पडताळण्याचा संकेतांक, काढून द्यावा लागतो. नॅशनल इन्शुरन्स क्रमांक, म्हणजे कर व सामाजिक विम्यासाठीचा वैयक्तिक क्रमांक, हाती आला नसला तरी काम सुरू करता येते, फक्त त्यासाठी अर्ज केलेला असावा. ही गोष्ट ठाऊक नसल्यामुळे पहिले दोन महिने घालवणारे विद्यार्थी मी पाहिले आहेत.

प्रशिक्षणाचेही पैसे मिळतात, आणि ते प्रशिक्षण मनापासून दिलेले होते. अठरा वर्षांखालील मुलांशी बोलताना घ्यायची काळजी, एखाद्या मुलाने घरातली अडचण सांगितली तर ती कोणाकडे पोहोचवायची, चाकाच्या खुर्चीवरून आलेल्या पाहुण्याला कोणत्या वाटेने न्यायचे, दहा-पंधरा जणांच्या गटापुढे उलटे चालत बोलताना आवाज कसा राखायचा, हे सगळे त्यात शिकवले. उत्तर माहीत नसेल तर ‘मला माहीत नाही, पण विचारून सांगते’ असे म्हणायचे, अंदाज ठोकायचा नाही, हा नियम पहिल्याच दिवशी सांगितला गेला. या नियमामागे कायद्याचे पाठबळ आहे. विद्यापीठे विद्यार्थ्यांना जी माहिती देतात तिला ग्राहक कायदा लागू होतो, असे ब्रिटनच्या कॉम्पिटिशन अँड मार्केट्स ऑथॉरिटीने २०१५ मध्ये विद्यापीठांना मार्गदर्शनपर सूचना देऊन स्पष्ट केले होते. अँबॅसडरच्या तोंडचे वाक्यही विद्यापीठाचे वाक्य ठरू शकते, याची जाणीव प्रशिक्षण देणाऱ्यांना होती.

ओपन डे हा या कामाचा सर्वांत मोठा आणि सर्वांत दमवणारा भाग असतो. तो बहुधा शनिवारी असतो. सकाळी आठच्या सुमारास रंगीत टीशर्ट अंगावर चढवून हजेरी द्यायची, गटप्रमुखाकडून दिवसभराचा तक्ता घ्यायचा आणि संध्याकाळी चारपर्यंत उभे राहायचे. परिसराच्या फेऱ्या, वसतिगृहातील खोली दाखवणे, चौकात फलक धरून वाट दाखवणे आणि विषयाच्या टेबलावर प्रश्नांना उत्तरे देणे, अशा पाळ्या बदलत राहतात. वाट दाखवण्याची पाळी कुणालाच नको असते, कारण ऑक्टोबरच्या पावसात दोन तास एका जागी उभे राहणे कठीण जाते. तरी थंडीने गारठलेल्या पालकाला नेमका दरवाजा दाखवण्यातही काम केल्याचे समाधान होते, हे मी प्रामाणिकपणे सांगू शकते. इंग्लंडमधील पालकांचे प्रश्न आणि आपल्याकडच्या पालकांचे प्रश्न यांत मोठा फरक जाणवला. तिथली आई मुलीला एकटीने बोलू देते, स्वतः मागे राहते आणि शेवटी हळूच विचारते, की रात्री ग्रंथालयातून वसतिगृहात परत जाताना सुरक्षित वाटते का. शुल्काविषयी ती फारसे विचारत नाही, कारण इंग्लंडमधील विद्यार्थ्यांसाठी ते कायद्याने मर्यादित आहे आणि त्यासाठी सरकारी कर्ज मिळते, ज्याची परतफेड पुढच्या उत्पन्नाशी जोडलेली असते.

आपल्याकडचे पालक भेटतात ते चॅटवर. अनेक विद्यापीठे युनिबडी नावाचा मंच वापरतात. त्यावर अँबॅसडरचे छायाचित्र, विषय, गाव आणि येणाऱ्या भाषा दिसतात, आणि कोणीही थेट प्रश्न विचारू शकतो. माझ्या नावासमोर मराठी लिहिलेले दिसले, तेव्हापासून कोल्हापूर, लातूर, जळगाव, फोंडा अशा ठिकाणांहून निरोप येऊ लागले. विद्यार्थी इंग्रजीत लिहीत, पण रात्री उशिरा, बहुधा जेवणे आटोपल्यावर, तोच धागा एखाद्या वडिलांनी हाती घेतलेला असे आणि भाषा बदललेली असे. “ताई, तुम्ही तिथे आहात म्हणून विचारतो, खरं सांगा, पार्ट टाइम कामातून फी निघते का?” हा प्रश्न निरनिराळ्या शब्दांत मला सतत विचारला गेला. मी दरवेळी हिशेबासकट एकच उत्तर दिले, “काका, फी तर नाहीच, राहण्याचा पूर्ण खर्चही त्यातून निघेल असं धरू नका.”

तो हिशेब इथे मांडायला हवा. विद्यार्थी व्हिसावर पदवी किंवा त्यावरील अभ्यासक्रम करणाऱ्याला सत्र चालू असताना आठवड्याला जास्तीत जास्त २० तास काम करता येते. एकवीस वर्षे व त्यापुढील कामगारांसाठी किमान वेतन एप्रिल २०२५ पासून ताशी १२.२१ पौंड झाले होते. वीस तास पूर्ण भरले तर आठवड्याला २४४ पौंड आणि महिन्याला सरासरी १,०५८ पौंड होतात. ब्रिटिश सरकारनेच व्हिसासाठी लंडनबाहेरच्या विद्यार्थ्याचा राहण्याचा खर्च जानेवारी २०२५ पासून महिन्याला १,१३६ पौंड धरला होता. म्हणजे वर्षभर एकही आठवडा न चुकता कायद्याने मिळू शकणारे सगळे तास मिळाले, तरी सरकारी मापाने धरलेला खर्चदेखील भागत नाही, मग वीस-पंचवीस हजार पौंडांच्या शुल्काची गोष्ट दूरच राहिली. आणि अँबॅसडरच्या कामात वीस तास मिळण्याचा प्रश्नच नसतो. गजबजलेल्या आठवड्यात दहा-बारा तास, एरवी चॅटचे दोन-तीन तास, आणि डिसेंबरच्या परीक्षांच्या काळात काहीच नाही, असा त्याचा चढउतार आहे.

घरावर कर्ज काढायला निघालेल्या माणसाला हा हिशेब मराठीत, सविस्तर आणि कोणताही आडपडदा न ठेवता सांगता येणे, हे मला या कामाचे सर्वांत मोठे मोल वाटते. माझ्या अनुभवात विद्यापीठाने त्यात कधी आडकाठी केली नाही. मंचावरील संभाषणे कर्मचारी पाहू शकतात. माझ्या मराठी उत्तराचा आशय एकदा विचारला गेला, मी इंग्रजीत सांगितला, आणि समन्वयक बाईंनी तोच हिशेब इतर अँबॅसडरांनाही वापरायला दिला. सर्वत्र असे घडते असे मात्र नाही. दुसऱ्या एका शहरात शिकणाऱ्या माझ्या मित्राला, खर्चाविषयीचे प्रश्न ‘सकारात्मक’ वळणावर न्यावेत, अशी सूचना मिळाली होती. त्याने ती पाळली नाही, आणि पुढच्या सत्रात चॅटच्या पाळ्या त्याच्याकडे फारशा आल्या नाहीत. यामागे तेच कारण होते असे ठामपणे म्हणता येणार नाही, पण पाळ्या देण्याचे निकष उघड नसले की असा संशय राहतोच.

व्हिसाविषयीच्या प्रश्नांना मात्र उत्तर द्यायचे नसते, आणि इथे पुष्कळ मराठी कुटुंबे नाराज होतात. ब्रिटनमध्ये स्थलांतरविषयक सल्ला देणे हे १९९९ च्या कायद्याने नियंत्रित आहे. पात्रता नसलेल्या माणसाने एखाद्याच्या प्रकरणात असा सल्ला दिला तर तो गुन्हा ठरतो. त्यामुळे ‘माझ्या बँक खात्यात पैसे जमा होऊन वीसच दिवस झाले, आता अर्ज करू का’ या प्रश्नावर अँबॅसडर केवळ आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयाचा दुवा पाठवू शकतो. तो हात झटकतो आहे असे कृपया समजू नये.

ज्यांना हे काम करायचे आहे त्यांनी वीस तासांचा नियम बारकाईने समजून घ्यावा. आठवडा सोमवारी सुरू होतो आणि रविवारी संपतो. एका आठवड्यात पंचवीस व दुसऱ्यात पंधरा, अशी सरासरी काढता येत नाही. सगळ्या नोकऱ्यांचे तास एकत्र मोजले जातात. गोदामात किंवा उपाहारगृहात सोमवार ते शुक्रवार सोळा तास भरलेल्याने शनिवारचा आठ तासांचा ओपन डे घेतला, तर व्हिसाचा भंग होतो, मग दोन्ही ठिकाणचे व्यवस्थापक कितीही चांगले असोत. दुसरी अडचण एम.एस्सी., एम.ए. करणाऱ्यांची आहे. जून ते सप्टेंबर हा प्रबंधाचा काळ त्यांच्यासाठी सामान्यतः सत्राचाच भाग धरला जातो. बारावीच्या तोडीच्या ए-लेव्हल परीक्षेचा निकाल ऑगस्टच्या मध्यावर एका गुरुवारी लागतो, रिकाम्या जागांसाठीची ‘क्लिअरिंग’ची फोनसेवा त्या दिवशी सकाळपासून धडधडू लागते, आणि वर्षातले सर्वाधिक तास त्याच आठवड्यात असतात. पदवीचे विद्यार्थी तेव्हा पूर्णवेळ काम करू शकतात. आपण मात्र वीस तासांवर थांबतो.

मोबदला ठीक आहे आणि व्यवहार स्वच्छ आहे. बरीच विद्यापीठे वय न पाहता सर्वांना एकच दर देतात, आणि काही जण कायद्यातील किमान वेतनापेक्षा थोडा वरचा, ‘रिअल लिव्हिंग वेज’ या स्वैच्छिक मापाचा दर देतात. तो ऑक्टोबर २०२४ मध्ये लंडनबाहेर १२.६० आणि लंडनमध्ये १३.८५ पौंड जाहीर झाला होता. अनियमित तासांच्या कामावर १२.०७ टक्के दराने पगारी रजा साचते. काही ठिकाणी तिचे पैसे दर महिन्याच्या पगारातच मिळतात, म्हणजे १२.२१ पौंडांच्या दरावर तासाला सुमारे १ पौंड ४७ पेन्स अधिक. पगारचिठ्ठीवर ही ओळ वेगळी दाखवलेली असते, ती जरूर तपासावी. वर्षाला १२,५७० पौंडांपर्यंतच्या उत्पन्नावर आयकर नाही, त्यामुळे एकट्या अँबॅसडरच्या कामावर कर लागण्याचा संभव जवळजवळ नसतो. पण आधीची एखादी नोकरी चालू असेल तर या दुसऱ्या नोकरीला ‘बीआर’ हा करसंकेत लागतो आणि पहिल्या पौंडापासून २० टक्के कापले जातात. एकूण उत्पन्न मर्यादेच्या आत राहिले तर ते परत मिळवता येतात. त्यासाठी ५ एप्रिलला संपणाऱ्या करवर्षाची पी-६० आणि नोकरी सोडतानाची पी-४५ ही पगार व कापलेला कर दाखवणारी कागदपत्रे जपून ठेवावीत.

पैसे उशिरा मिळणे ही माझी पहिली तक्रार. महिन्याच्या सुरुवातीला टाइमशीट बंद होते, मग मंजुरी, मग पुढच्या महिनाअखेरीस पगार. ऑक्टोबरमध्ये नव्याने आलेल्या, खोलीची अनामत आणि गरम कपडे यांवर आणलेले पैसे संपवून बसलेल्या विद्यार्थ्याला नोव्हेंबरअखेरपर्यंत थांबणे जड जाते. करार शून्य तासांचा असतो. पाळी मिळेलच याची हमी नसते, आणि आदल्या दिवशी रद्द झालेल्या पाळीचे मला काही मिळाले नाही. पाळ्यांची यादी ईमेलने येते आणि जो आधी उत्तर देईल त्याला काम मिळते, ही पद्धत तर सरळ अन्यायकारक आहे, कारण दुपारी दोनला प्रयोगशाळेत असलेल्या विद्यार्थ्यासमोर फोन नसतो.

याहून खोल जाणारी तक्रार वेगळी आहे. ओपन डेच्या दिवशी मला बहुतेक वेळा ‘आंतरराष्ट्रीय विद्यार्थी’ असा फलक असलेल्या टेबलावर बसवले गेले, माझ्या विभागाच्या टेबलावर क्वचित. मी जल अभियांत्रिकीची विद्यार्थिनी होते. कृष्णेचा पूर लहानपणापासून पाहत आले आहे आणि पूरनियंत्रणाच्या अभ्यासक्रमाविषयी एखाद्या इंग्रज मुलाला नेमके सांगण्यासारखे माझ्यापाशी पुष्कळ होते. विभागाच्या टेबलावर बसण्याची विनंती लेखी केल्यावर ती मान्य झाली, आणि त्या दिवशीचे काम मला वर्षभरातले सर्वोत्तम वाटले. छायाचित्रांचेही तसेच आहे. भारतीय चेहरे माहितीपत्रकांवर हवे असतात. छायाचित्रासाठी संमतिपत्र देतात, ते वाचूनच सही करावी, आणि नको असेल तर नाही म्हणावे, त्यामुळे पाळ्यांवर परिणाम होता कामा नये.

आणखी एक उणीव मला आपल्या मातीतल्या एका योजनेमुळे जाणवली. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि ‘स्वावलंबी शिक्षण हेच आमचे ब्रीद’ म्हणत श्रमाला शिक्षणाशी जोडले. त्यांच्याच नावाने सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठात कमवा व शिका योजना आजही चालते. तिचा रोख गरजू विद्यार्थ्याकडे आहे. अँबॅसडरच्या निवडीत गरज पाहिलीच जात नाही, बोलण्याची हातोटी पाहिली जाते. त्यामुळे ज्याला पैशांची सर्वाधिक निकड आहे तो लाजाळू मुलगा रात्रीच्या गोदामात जातो आणि दिवसाचे, उबेतले, प्रतिष्ठेचे काम आधीच धीट असलेल्यांना मिळते. काही तास गरजूंसाठी राखून ठेवणे आणि त्यांना थोडे जास्त प्रशिक्षण देणे विद्यापीठांना मुळीच अवघड नाही, आणि ते त्यांनी करावे अशी माझी आग्रहाची सूचना आहे.

या कामातून अभियांत्रिकीचे कौशल्य वाढत नाही, पण अनोळखी माणसाला गुंतागुंतीची गोष्ट सोप्या शब्दांत सांगण्याचा सराव होतो आणि विद्यापीठातल्या कर्मचाऱ्याकडून नोकरीसाठी शिफारस मिळू शकते. शिवाय इथे मालक आणि व्हिसाचा प्रायोजक एकच असल्याने जास्त तास किंवा रोख पैसे असला गैरप्रकार होत नाही, ही निर्धास्ती मोलाची आहे.

घरून खर्चाची तजवीज झालेली आहे, लोकांशी बोलायला आवडते आणि शनिवार मोकळा ठेवता येतो, अशा विद्यार्थ्याने हे काम अवश्य घ्यावे. महिन्याचे भाडे ज्याला कमाईतूनच द्यायचे आहे त्याने आधी नियमित तासांची नोकरी पाहावी आणि हे काम तिच्या जोडीला, वीस तासांच्या आत बसेल तेवढेच ठेवावे. अर्जाची मुदत बहुतेक ठिकाणी सत्र सुरू झाल्यावर दोन-चार आठवड्यांतच संपते, म्हणून प्रवेशाचे पत्र हाती पडताच विद्यापीठाच्या संकेतस्थळावरचा विद्यार्थी नोकऱ्यांचा विभाग पाहून तारीख लिहून ठेवावी. आणि अजून भारतातच असलेल्या अर्जदारांनी चॅटवर अँबॅसडर भेटला की ‘विद्यापीठ कसे आहे’ असे न विचारता, खोलीचे भाडे किती, पहिल्या महिन्यात किती खर्च झाला, काम मिळायला किती आठवडे लागले आणि तासांची खरी संख्या किती, असे आकड्यांत उत्तर द्यावे लागेल असे प्रश्न विचारावेत.